साठीनंतरचं पोट



म्हातारं माणूस ‘माझं पोट दुखतंय’ असं सहसा म्हणत नाही. ते म्हणतं, ‘पोट डब्ब झालंय’, ‘अन्न पुढं सरकत नाही’, ‘करपट ढेकरा येतात’, ‘गोळा फिरतो’, ‘सकाळी साफ होत नाही’. सोबत आलेला मुलगा यातलं पहिलं वाक्य संपायच्या आत सांगून टाकतो, ‘गॅसेस हो डॉक्टर, दुसरं काही नाही.’ मग औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांचं नाव सांगतो. ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते अशा वेळी मुलाला बाहेरच्या बाकावर बसायला सांगत, असं इथली जुनी मंडळी सांगतात. मुलगा बाहेर गेल्यावर आत काय विचारायचं, काय बघायचं आणि कुठं थांबायचं, एवढाच माझा आजचा विषय आहे.

एक विधान सुरुवातीलाच करून टाकतो, म्हणजे नंतर वाद घालायला बरं पडेल. साठीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली आणि तीन आठवडे उलटूनही न हटलेली पोटाची तक्रार गॅस समजायची नाही. तपासा, खात्री करा आणि मग खुशाल गॅस म्हणा. पंचविशीपासून ज्यांना परीक्षेच्या किंवा प्रवासाच्या दिवशी दोनदोनदा जावं लागतं, त्यांची गोष्ट निराळी. आतड्याच्या या हळवेपणाला आम्ही आयबीएस म्हणतो. तो बहुधा तरुणपणीच सुरू होतो, छळतो पुष्कळ, पण जिवावर उठत नाही. बासष्टाव्या वर्षी एखाद्याला पहिल्यांदाच आयबीएसचा शिक्का मारणारा डॉक्टर मात्र धाडसी म्हणायला हवा. तक्रार जुनी असली तरी तिचा स्वभाव बदलला का, हेही विचारावं लागतं. जेवल्यावर शमणारं दुखणं आता जेवल्यावर वाढतं, वर्षानुवर्षं बद्धकोष्ठ होतं तिथं जुलाब लागले, तर ती तक्रार नवीच धरायची.

वयाचा एवढा बाऊ का, असं कुणी विचारेल. तरुणाचं पोट बोलकं असतं. अपेंडिक्स सुजलं तर दुखणं आधी बेंबीपाशी येतं, काही तासांनी उजवीकडं खाली सरकतं, ताप येतो, हात लावला की पोट लाकडासारखं कडक होतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढतात. सत्तरीत यातलं काहीच घडलं नाही असं होऊ शकतं. पोटाचे स्नायू पातळ झालेले असतात, त्यामुळं आत पू असला तरी वरून पोट मऊ लागतं. ताप चढत नाही, आणि चढलाच तर गुडघ्यांसाठी घेतलेल्या पॅरासिटामॉलखाली झाकला जातो. रक्तदाबाची काही औषधं नाडीला वाढूच देत नाहीत. रक्ताचा रिपोर्ट साळसूद येतो. वृद्धांत अपेंडिक्स फुटण्याचं प्रमाण तरुणांपेक्षा जास्त आहे, त्याचं एक मोठं कारण हे आहे. झॅकरी कोप या इंग्रज सर्जनचं तीव्र पोटदुखीच्या निदानावरचं छोटेखानी पुस्तक १९२१ साली निघालं आणि डॉक्टरांच्या कैक पिढ्या त्यावर पोसल्या. सोनोग्राफी नाही, सीटी नाही. नीट विचारणं आणि नीट हात लावणं एवढ्या भांडवलावर निदान कसं करायचं, हे त्यात आहे. हाच विषय त्यानं पुढं टोपणनावानं पद्यातही लिहिला. आम्हा डॉक्टरांच्या अक्षराबद्दल आपल्या तक्रारी असतात. निदान एकानं तरी यमक जुळवलं.

दुखणं कुठं आहे, हा प्रश्न आपल्याला फार महत्त्वाचा वाटतो. रुग्ण पोटावरून तळवा फिरवतो आणि म्हणतो, ‘हे असं सगळीकडं.’ तो खोटं बोलत नाही. आतल्या अवयवांना कातडीसारखी नेमकी जागा सांगता येत नाही. जठर, पित्ताशय, स्वादुपिंड या सगळ्यांचं दुखणं बेंबीच्या वर मधोमध उमटतं, लहान आतड्याचं बेंबीभोवती, मोठ्या आतड्याच्या खालच्या भागाचं बेंबीच्या खाली. हृदयाच्या खालच्या भिंतीला रक्त कमी पडलं तर तेही बेंबीच्या वरच कळवतं. म्हणून ‘कुठं’ या प्रश्नाइतकाच, माझ्या मते त्याहूनही अधिक, ‘कधी’ हा प्रश्न कामाचा आहे. कधीपासून? जेवणाआधी की नंतर, आणि नंतर म्हणजे किती वेळानं? उताणं झोपल्यावर वाढतं का? चालताना? शौचाला जाऊन आल्यावर हलकं वाटतं का? रात्री झोपेतून उठवतं का?

याचं एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो.

सत्तरीच्या आसपासच्या एक आजी सुनेबरोबर आल्या. फाईल जाडजूड. एंडोस्कोपी झालेली, तिच्यात जठराला किरकोळ सूज. सोनोग्राफीत पित्ताशयात एक खडा. तो खडा काढून टाका, असा सल्लाही कुणी दिलेला. सून कावलेली होती. ‘काही खातच नाहीत. फार हट्टी झाल्यात.’

‘आजी, भूक लागते का?’

‘लागती की.’

‘मग खात का नाही?’

‘खायाचं भ्या वाटतंय.’

‘जेवल्यावर लगेच दुखतं?’

‘न्हाई. भाकरी खाऊन भांडी घासून हुईस्तवर काय न्हाई. मग धरतंय. दोन तास जीव नको हुतो.’

अर्धी भाकरी खाल्ली तर कमी दुखायचं, चतकोर खाल्ली तर जवळजवळ नाहीच. म्हणून त्या चतकोरावर आल्या होत्या. नाडी बघायला हात घेतला, तर बांगड्या घसरत कोपरापर्यंत गेल्या. दात घासायला काय वापरता, तर मिश्री. कधीपासून, तर लग्नाच्या आधीपासून. तंबाखू ओढा, मळा की दातांना लावा, रक्तवाहिन्या तिचा हिशेब ठेवतात. बेंबीच्या वर स्टेथोस्कोप टेकवला तर नाडीच्या ठेक्यावर सूं सूं असा आवाज येत होता. असा आवाज कधी निरोगी माणसातही ऐकू येतो, पण या हकिकतीबरोबर तो आला तेव्हा सीटी अँजिओग्राफी करायला सांगितली. आतड्याला रक्त पुरवणाऱ्या तीन मुख्य धमन्या असतात. त्यांतल्या दोघींची तोंडं बरीच आवळली होती.

हृदयाच्या धमन्या अरुंद झाल्या की चढ चढताना छातीत कळ येते. इथं तेच आतड्यात घडतं. जेवल्यावर आतड्याला जास्त रक्त लागतं, ते मिळत नाही आणि आतडं कळवळतं. माणूस खायला भिऊ लागतो, वजन झपाट्यानं उतरतं आणि घरचे म्हणतात, हट्टी झाले. हा आजार बायकांत अधिक आढळतो. आजींच्या धमनीत जाळी बसवली. त्यानंतर त्या भाकरी खाऊ लागल्या. खडा अजून तिथंच आहे.

हा आजार रोज दिसणारा नाही, आणि या सभागृहातल्या प्रत्येक पोटदुखीला अँजिओग्राफी करा असं मी सुचवत नाही. पण निदान आजींच्या दोन वाक्यांत होतं, आणि ती दोन वाक्यं त्या जाड फाईलमध्ये कुठंही लिहिलेली नव्हती.

फाईलमध्ये होता तो सोनोग्राफीचा रिपोर्ट. आपल्याकडं हल्ली दुखण्याची चौकशीच ‘सोनोग्राफी केली का?’ इथून सुरू होते आणि ‘नॉर्मल आहे’ इथं संपते. या यंत्राबद्दल मला आदरच आहे. त्याचा जन्मच मुळी पोटातल्या गाठीच्या निदानातून झाला. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाईदलात होते. रडार आणि सोनार या गोष्टींची त्यांना ओळख होती. १९५५ साली ते शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत भरून रेनफ्र्यूच्या बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात घेऊन गेले. धातूतली चीर शोधायचं ध्वनियंत्र तिथं होतं. तुलनेसाठी कारखान्यानं बीफचा एक मोठा तुकडा ठेवला होता. पाण्यानं भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात, हे त्या दुपारी कळलं. पुढं एका बाईच्या पोटात अफाट पाणी झालंय, कारण जठराचा कॅन्सर आहे, तो एक्स-रेत दिसलाय आणि आता इलाज नाही, असं सर्जन मंडळींनी ठरवलं होतं. डोनाल्ड यांच्या यंत्राला ते मोकळं पाणी वाटेना. एका पिशवीत साठलेलं वाटलं. पोट उघडलं तर बीजांडाची प्रचंड मोठी, साधी गाठ निघाली. ती काढली आणि बाई बरी झाली. डोनाल्ड, त्यांचे सहकारी मॅकव्हिकर आणि अभियंता टॉम ब्राउन या तिघांचा निबंध ७ जून १९५८ रोजी ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

तर यंत्र थोर आहे. पण ध्वनिलहरी हवेतून पलीकडं जात नाहीत, आणि पोटात हवा मुबलक. स्वादुपिंड जठराच्या मागं, हवेच्या पडद्याआड असतं. ‘पॅनक्रियाज ऑब्स्क्युअर्ड बाय बॉवेल गॅस’ हे वाक्य रिपोर्टाच्या मधोमध असतं आणि खाली ठळक अक्षरांत ‘नो सिग्निफिकंट अ‍ॅब्नॉर्मॅलिटी’. आपण वाचतो ते खालचं. जठरातला व्रण, मोठ्या आतड्यातली सुरुवातीची गाठ, अरुंद झालेली धमनी, यांसाठी ही साधी सोनोग्राफी नसतेच. उलट, निरपराध गोष्टी ती भरपूर दाखवते. पित्ताशयातला खडा, मूत्रपिंडावरची साधी पाण्याची गाठ, ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’, थोडा वाढलेला प्रोस्टेट, हे साठीनंतर इतकं सर्रास सापडतं की, ज्याच्या रिपोर्टात यांतलं एकही नाही तो माणूस मला संशयास्पद वाटतो. पित्ताशयाच्या खड्याची कळ ओळखता येते: वर उजवीकडं किंवा मधोमध, येते ती चढत जाते, अर्ध्या तासाहून जास्त टिकते, कधी उजव्या खांद्याकडं जाते आणि मग पूर्ण जाते. रोज दिवसभर डब्ब वाटणाऱ्या पोटाचं खापर खड्यावर फोडून पित्ताशय काढलं, की महिन्याभरानं पोट पुन्हा डब्बच असतं.

हाताचं महत्त्व पटवायला मी नेहमी अल्बर्ट आइन्स्टाइन यांचं उदाहरण देतो. सापेक्षता आपल्याला कळो न कळो, पोटदुखी कळते. आइन्स्टाइन यांना पोटाचा त्रास जुना होता; १९१७ साली बर्लिनमध्ये ते यकृत आणि व्रणाच्या दुखण्यानं बराच काळ अंथरुणाला खिळले होते. उतारवयात वरच्या पोटात दुखण्याचे आणि उलट्यांचे झटके येत. माणूस पाइप ओढणारा. १९४८च्या डिसेंबरमध्ये, त्यांच्या वयाच्या ६९व्या वर्षी, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ज्यूइश हॉस्पिटलमध्ये रुडॉल्फ निसेन यांनी त्यांचं पोट उघडलं. हिटलरच्या राज्यातून बाहेर पडून इस्तंबूलमार्गे अमेरिकेत आलेला हा सर्जन. आम्लपित्ताच्या ज्या शस्त्रक्रियेला आज निसेनचं नाव आहे, तोच. आत महाधमनी फुगून चांगली मोठी झाली होती. फुगलेला भाग कापून तिथं नळी बसवण्याची शस्त्रक्रिया तेव्हा अस्तित्वात नव्हती. ती पहिल्यांदा यशस्वी केली पॅरिसच्या शार्ल द्युबोस्त यांनी, १९५१ साली. निसेन यांनी त्या फुग्याभोवती सेलोफेन गुंडाळला. भेटवस्तूंना गुंडाळतात तोच कागद. त्याच्या चुरचुरीनं भोवती जाड पापुद्रा धरतो आणि धमनीला आधार मिळतो, असा हिशेब होता. आइन्स्टाइन त्यानंतर सहा वर्षांहून जास्त जगले. एप्रिल १९५५मध्ये पुन्हा दुखू लागलं, आणि पित्ताशय सुजलंय की काय असं वाटावं अशी लक्षणं होती. शस्त्रक्रियेला त्यांनी शांतपणे नकार दिला. १८ एप्रिलला पहाटे प्रिन्स्टनच्या रुग्णालयात ते गेले. शवविच्छेदनात फुटलेली महाधमनी सापडली.

महाधमनीचा पोटातला भाग साधारण दोन सेंटिमीटर रुंद असतो. तीन किंवा त्याहून जास्त झाला की तो फुगा समजतात, आणि साडेपाचच्या पुढं गेला की शस्त्रक्रियेचा विचार करतात. ब्रिटनमध्ये पुरुषांना पासष्टीत एकदा या एकाच गोष्टीसाठी सोनोग्राफीला बोलावतात. आपल्याकडं अशी योजना नाही. पण धूम्रपान केलेल्या, पासष्टी ओलांडलेल्या पुरुषाचं पोट दुखत असेल, तर बेंबीच्या जरा वर दोन्ही हात ठेवून अर्धा मिनिट थांबायला पैसे पडत नाहीत. बोटं नुसती उडतात की फुग्यामुळं एकमेकांपासून दूर ढकलली जातात, हे बघायचं. पोट सुटलेलं असेल तर हाताला लागणार नाही. तेव्हा सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर ‘महाधमनीची रुंदी मोजावी’ असं स्पष्ट लिहायचं. अशा माणसाला वयाच्या सत्तराव्या वर्षी पहिल्यांदाच मुतखड्याची कळ आली, तर ती मुतखड्याची मानण्याआधी महाधमनी बघून घ्यावी.

हात लावण्याचा आणखी एक साधा उपयोग. दुखऱ्या जागेवर बोट ठेवायचं आणि उताण्या झोपलेल्या रुग्णाला म्हणायचं, ‘काका, हात न टेकता मान वर उचला.’ पोटाचे स्नायू आवळले जातात. दुखणं आतलं असेल तर आता ते स्नायूंच्या ढालीमागं गेल्यानं कमी होतं. वाढलं किंवा तसंच राहिलं, तर दुखतंय ते पोटाच्या भिंतीत. कार्नेट नावाच्या अमेरिकन सर्जननं १९२६मध्ये ही युक्ती सांगितली आणि तिच्यामुळं कित्येकांचे सीटी स्कॅनचे पैसे वाचू शकतात. एकाच बाजूला पट्ट्यासारखं दुखतंय आणि सदऱ्याचा स्पर्शही सोसवत नाही, तर चार दिवस थांबा. बऱ्याचदा नागिणीचे फोड मागून येतात.

आता पिशवी. सत्तरीच्या माणसाची औषधांची पिशवी टेबलावर उपडी करणं ही माझ्या लेखी एक तपासणीच आहे, आणि तिचा निकाल हमखास येतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन: पोट फुगतं, पातळ होतं. कॅल्शियम आणि लोह: बद्धकोष्ठ. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवं झालं, तर अन्ननलिका सोलून निघते. ती पेलाभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास ताठ बसायचं असतं. डिगॉक्सिन थोडं जास्त झालं की आधी अन्नावरची वासना उडते, मळमळतं. झोपेसाठी, लघवीसाठी, कंबरदुखीसाठी वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या एकत्र येऊन आतडं सुस्त करतात. आणि सर्वांत तळाशी, कागदात बांधलेल्या, नाव नसलेल्या गुडघेदुखीच्या गोळ्या. त्यांत डायक्लोफिनॅक असतं, कधी स्टेरॉइड असतं. या गोळ्यांनी जठराला पडणारा व्रण म्हाताऱ्यांत बऱ्याचदा दुखतच नाही. एक दिवस शौचाला डांबरासारखं काळं, चिकट होतं आणि माणूस बाथरूममध्ये चक्कर येऊन पडतो. (लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो, पण तो डांबरासारखा चिकट नसतो. हे विचारल्याशिवाय घाबरू नका.)

पित्ताच्या गोळ्यांबद्दल माझं मत कडक आहे. पँटोप्रॅझोल हे उत्तम औषध आहे, पण ते चण्याफुटाण्यांसारखं खपतं. जठराच्या कॅन्सरच्या व्रणालाही त्यानं सुरुवातीला बरं वाटतं आणि महिने निघून जातात. साठीनंतर नव्यानं अपचन सुरू झालं तर आधी दुर्बीण, मग गोळी. दुर्बिणीतूनच जठरातल्या हेलिकोबॅक्टर जंतूची तपासणीही होते. व्रण चटण्या-लोणच्यांनी आणि काळजीनं होतो, अशी सगळ्यांची समजूत असताना तो बहुधा या जंतूमुळं होतो हे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं. मार्शल यांनी त्यासाठी १९८४ साली जंतूंचं द्रावण स्वतः पिऊन घेतलं. दोघांना २००५ साली नोबेल मिळालं.

काही गोष्टी भराभर सांगतो, कारण त्या सोप्या आहेत, फक्त आठवायला हव्यात. ‘चढण चढताना गॅस वर येतो, थांबलं की ढेकर येऊन मोकळं वाटतं’, हे वाक्य ऐकलं की पोट सोडून ईसीजी काढा. मधुमेह्यांत तर नक्कीच. म्हातारबुवांना सारखी थेंब थेंब लघवी होते आणि ओटीपोट फुगलंय, तर मूत्राशय तुंबलंय. जुलाब होतात म्हणून जुलाब थांबवायची गोळी चालू आहे, पण प्रत्यक्षात खाली दगडासारखा मळ अडकला आहे आणि त्याच्या कडेनं पाणी झिरपतंय, असा प्रकार अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांत नेहमीचा. तो गुदद्वारात बोट घालून एका मिनिटात कळतो. ही तपासणी लाजेपोटी टळते. रुग्णाच्या कमी, डॉक्टरांच्या जास्त. गुडघे दुखतात म्हणून भारतीय पद्धतीच्या संडासात बसवत नाही, रात्री उठायला नको म्हणून संध्याकाळपासून पाणी बंद, दातांची कवळी बसत नाही म्हणून भाजी-भाकरी सोडून चहा-खारीवर दिवस काढलेला, वर एकादशीचा साबुदाणा. असं बद्धकोष्ठ एंडोस्कोपीनं बरं होत नाही. कमोडची खुर्ची आणा.

आता ज्या भीतीनं लोक डॉक्टरकडं येतात, किंवा येत नाहीत, त्याविषयी. पोटातल्या कॅन्सरची खूण वेदना असतेच असं नाही. उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्यात वाढणारी गाठ महिनोन्महिने दुखत नाही, मार्ग अडवत नाही. ती फक्त रोज थोडं रक्त गाळते, डोळ्यांना दिसणारही नाही इतकं. माणसाला दम लागतो, थकवा येतो. हिमोग्लोबिन आठ निघतं. मग आपल्याकडं काय होतं? ‘रक्त कमी आहे’ म्हणून टॉनिक, बीट, खजूर, लोहाची इंजेक्शनं, सलाईन. सगळे खूष, कारण हिमोग्लोबिन दहा होतं. पाळी बंद होऊन पंधरा वर्षं झालेल्या बाईचं रक्त गेलं कुठं, हे कुणी विचारत नाही. साठीनंतरच्या लोहाच्या कमतरतेचं कारण जठरापासून गुदद्वारापर्यंत शोधायचं असतं. वरून आणि खालून, दोन्ही दुर्बिणी. कारण न शोधता नुसतं लोह देत राहणं ही आपल्या भागातली, माझ्या मते, सर्वांत महागात पडणारी सवय आहे.

बायकांच्या बाबतीत बीजांडाचा कॅन्सर मुका असतो, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. तो मुका नाही. त्याचं बोलणं गॅससारखं ऐकू येतं. पन्नाशीनंतर पोट सारखं फुगलेलं राहणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात जड वाटणं, लघवीला वारंवार जावं लागणं. महिन्यात बारापेक्षा जास्त वेळा असं होत असेल तर आधी सीए-१२५ ही रक्ततपासणी आणि ती वाढलेली आली तर ओटीपोटाची सोनोग्राफी करावी, असं ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. साडी नेसताना निऱ्या कमी पडू लागल्या, पण दंड बारीक झाले, हे आपल्याकडच्या बायका अचूक सांगतात. विचारायला हवं. स्वादुपिंडाचं दुखणं वरच्या पोटातून पाठीत भोसकल्यासारखं जातं, उताणं झोपलं की वाढतं, पुढं वाकून बसलं की जरा कमी होतं. साठी ओलांडलेल्या माणसाचं वजन घटतंय आणि त्याला पोटदुखी, पाठदुखी, मळमळ किंवा नव्यानं मधुमेह असं काहीही जोडीला आहे, तर सोनोग्राफीवर न थांबता लवकर सीटी स्कॅन करावा. साखर वाढली म्हणून कुणी गोड सोडतो आणि वजन त्यामुळंच उतरलं असं मानून खूष होतो. तिथं फसगत होते.

आणि एक आशेची गोष्ट. लहान आणि मोठं आतडं जिथं जुळतं, तिथं आपल्याकडं क्षय बराच होतो. तिथली गाठ, घटलेलं वजन, संध्याकाळची कसर, हे चित्र थेट कॅन्सरसारखं दिसतं. घरच्यांनी आशा सोडलेली असते. तुकडा काढून तपासला की क्षय निघतो आणि तो सहा महिन्यांच्या औषधानं बरा होतो. म्हणून तुकडा तपासल्याशिवाय, रिपोर्टातल्या चित्रावरून कुणाला कॅन्सरवाला ठरवू नये.

मनाचं काय, असं आपण विचाराल. जोडीदार गेल्यावर कित्येकांचं दुःख पोटातून बोलतं; भूक जाते, गोळा उठतो, साफ होत नाही. हे खरं आहे. पण सगळे रिपोर्ट नॉर्मल आल्यावर ‘मनाचं आहे’ असं म्हणणं म्हणजे हात झटकणं. झोप कशी आहे, दिवसभर कुणाशी बोलता, हे पहिल्याच भेटीत विचारायचं, आणि उदास दिसला म्हणून पोट तपासायचं सोडायचं नाही. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये कधीकधी उदासी आधी येते आणि दुखणं मागून.

तरीही सगळं सगळ्यांना करायचं नसतं. शहाऐंशी वर्षांच्या, काठीनं जेमतेम चालणाऱ्या बाईला मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीआधी पोट साफ करणारं औषध कित्येक ग्लास पाजायचं, म्हणजे रात्रभर उठाबशा, पाणी कमी होणं आणि पडून खुबा मोडणं हा खरा धोका आहे. सीटीमध्ये जे औषध शिरेतून देतात, त्याआधी क्रिएटिनिन बघावंच लागतं. तपासणी लिहिण्याआधी मी एक प्रश्न विचारतो: काही निघालं तर त्यावर उपचार घ्यायची यांची इच्छा आहे का? तो प्रश्न मुलाला नाही, रुग्णाला विचारायचा. ‘त्यांना काही सांगू नका हं’ असं दारात हळूच सांगणारी मुलं प्रेमानंच सांगत असतात. पण सत्तर वर्षं संसार हाकलेल्या, दोन दुष्काळ पाहिलेल्या माणसाला स्वतःच्या पोटात काय आहे हे ऐकवत नाही, असं मानायचं कारण नाही. किती ऐकायचं, हे त्यांना ठरवू द्या. आइन्स्टाइन यांनी ठरवलं होतं.

काही वेळा मात्र थांबायचं नसतं. एकाएकी जोरात दुखून घाम आणि चक्कर आली, उलट्या होताहेत आणि शौच-वायू दोन्ही बंद, डांबरासारखं काळं झालं, किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर उद्या सकाळची वाट बघू नका. विशेषतः नाडी अनियमित असलेल्या वृद्धाचं पोट भयंकर दुखतंय आणि हात लावला तर मऊ लागतंय, तेव्हा आतड्याच्या धमनीत गुठळी अडकली असण्याचा संभव असतो. तिथं तास मोजायचे असतात.

बाकीच्यांसाठी माझी एकच विनंती आहे, आणि तिला डॉक्टर लागत नाही. घरात साठी ओलांडलेलं माणूस असेल तर एक वजनकाटा आणा. महिन्यातून एकदा, सकाळी, चहाच्या आधी वजन करा आणि जिथं दुधाचा हिशेब लिहिता त्याच कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुद्दाम काही न करता सहा महिन्यांत साठ किलोचे सत्तावन्न झाले, तर पोट दुखत असो वा नसो, कॅलेंडर आणि औषधांची पिशवी घेऊन डॉक्टर गाठा.